कळ न दाबता उमटलेले अक्षर

कीबोर्डवरच्या कळेला आपल्यावर कोणते अक्षर छापले आहे हे ठाऊक नसते. आपण कळ दाबली की कीबोर्ड संगणकाला एवढेच कळवतो, की अमुक जागेवरची कळ खाली गेली. बोट उचलले की कळवतो, ती वर आली. त्यातून मराठी ‘क’ उमटायचा की इंग्रजी ‘के’, हा निर्णय पुढे कुठेतरी दुसराच कुणी घेतो. पायथॉनमधून कीबोर्डचा आभास निर्माण करायचा, आणि तोही ₹, ळ, ऱ्य, ॲ किंवा एखादी इमोजी यांच्यासाठी, हा या पुस्तकाचा विषय. वरवर पाहता मामला चार ओळींच्या कोडचा आहे. पण त्या चार ओळी इंग्रजीत धावतात आणि मराठीत मुकाट बसतात. नोटपॅडमध्ये चालतात आणि ज्या प्रोग्रॅमसाठी सगळा खटाटोप केला तिथे नुसती प्रश्नचिन्हे उमटवतात. असे का होते हे समजून घ्यायचे तर कळ आणि अक्षर यांच्यामधला रस्ता एकदा पायी चालून पाहावा लागतो. या प्रस्तावनेत तो चालून पाहू.

आधी हे सांगायला हवे, की अशी गरज पडते कुणाला. पतसंस्थेत, शाळेच्या कार्यालयात, छोट्या कारखान्याच्या हिशेब विभागात आजही असे विंडोज प्रोग्रॅम आहेत, की त्यांच्यात माहिती भरायचा एकच मार्ग असतो: कुणीतरी समोर बसून टाइप करणे. आयातीची सोय नाही, प्रोग्रॅम लिहिणारा कधीच दुसरीकडे गेलेला, आणि डेटाबेसला थेट हात लावायची कुणाची छाती होत नाही. सभासदांची नावे एक्सेलमध्ये तयार असतात. ती एकेक करून त्या खिडकीत उतरवायची असतात. मग ‘तुला ते पायथॉन येतं ना रे?’ असे म्हणून कुणाला तरी बोलावले जाते. सॉफ्टवेअरची चाचणी घेणाऱ्यांना हेच लागते, कारण त्यांना फॉर्म माणसासारखा भरून पाहायचा असतो. बोलून टाइप करण्याची साधने, हात न चालणाऱ्यांसाठी पडद्यावरचा कीबोर्ड, दोन अक्षरे टाइप केल्यावर पूर्ण पत्ता लिहून देणारी सोय, या सगळ्यांच्या पोटात हेच काम चालू असते. आणि या सगळ्यांचे घोडे इंग्रजी मुळाक्षरे संपली की अडते.

आता रस्ता. ज्या कळेवर इंग्रजी ‘के’ छापलेला असतो तीच घेऊ. यूएसबी कीबोर्डच्या हिशेबात तिचा क्रमांक १४. जुन्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या ‘स्कॅन कोड’च्या पद्धतीत ती होते ३७, कळ सोडली की त्यात १२८ मिळवून १६५. त्यानंतर विंडोज तिला ‘व्हर्च्युअल की’ नावाचा तिसरा क्रमांक देते, ७५. इथवर अक्षराचा पत्ता नाही. सर्वांत शेवटी निवडलेला लेआउट पुढे येतो. तो इंग्रजी असेल तर १०७, म्हणजे लहान ‘के’. तो मराठी इन्स्क्रिप्ट असेल तर २३२५, म्हणजे युनिकोडमधला ‘क’. एका बोटाची एकच हालचाल, आणि वाटेत तिला चार वेगवेगळे आकडे चिकटतात.

पेटी वाजवणाऱ्याला हे नवे वाटणार नाही. काळी दोन ही एकच पट्टी. ‘सा’ पांढरी एक धरला तर ती कोमल गंधार, काळी एक धरला तर शुद्ध रिषभ. पट्टी दाबली जाते तेव्हा आवाज निघतो, पण त्याला कोणता स्वर म्हणायचे ते ‘सा’ कुठे धरला आहे यावर ठरते. कीबोर्डच्या बाबतीत हे ‘सा’ धरण्याचे काम लेआउट करतो. भारतीय भाषांसाठीचा इन्स्क्रिप्ट लेआउट तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाण ठरवला. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. कीबोर्डच्या प्लॅस्टिकवर यातले काही छापलेले असो वा नसो, कामात काडीचा फरक पडत नाही.

अडचणीचे मूळ इथेच आहे. कीबोर्डवर कळा शंभराच्या आसपास. युनिकोडमध्ये जागा ११,१४,११२, आणि त्यांतल्या दीड लाखाहून अधिक जागांवर अक्षरे किंवा चिन्हे बसलेली. एखादे चिन्ह टाइप होत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्या क्षणी चालू असलेल्या लेआउटमध्ये त्याच्याकडे जाणारी एकही कळ नाही. भारतीय इंग्रजी लेआउटवर उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ उमटतो. अमेरिकी लेआउटवर त्याच कळा दाबून काहीच होत नाही. यंत्र तेच, हात तेच.

म्हणून या पुस्तकाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. कीबोर्डचा आभास निर्माण करायला बसलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कोणती लायब्ररी वापरू?’ त्याच्याही आधी विचारायला हवे, की कळेपासून अक्षरापर्यंतच्या या रस्त्यात मी शिरणार कुठे? शिरण्याच्या जागा मुख्यतः तीन. कळेच्या टोकाला शिरता येते, म्हणजे ‘३७ क्रमांकाची कळ दाबली गेली’ असे खोटेच सांगायचे आणि पुढचे लेआउटवर सोपवायचे. अक्षराच्या टोकाला शिरता येते, म्हणजे लेआउटला वळसा घालून ‘२३५५ आले’ असे थेट सांगायचे. २३५५ म्हणजे ‘ळ’. किंवा रस्ताच टाळायचा, म्हणजे मजकूर क्लिपबोर्डवर ठेवून तो चिकटवायचा, नाहीतर त्या खिडकीच्या चौकटीत तो परस्पर भरायचा. तिन्ही दारे उघडी आहेत, पण फुकट एकही नाही.

पहिल्या दाराचा सर्वांत परिचित पहारेकरी म्हणजे पायऑटोगुई. पायथॉनचे सोपे पुस्तक लिहिणारे अल स्वायगार्ट यांची ही लायब्ररी शिकायला सोपी आहे, आणि माउस पडद्याच्या कोपऱ्यात नेला की चालू काम थांबवण्याची शहाणी सोयही तिच्यात आहे. पण विंडोजवर ती अक्षरांची यादी बनवते ती ३२ ते १२७ या क्रमांकांची, म्हणजे इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची. प्रत्येकासाठी ती विंडोजला विचारते, की या अक्षरासाठी आत्ताच्या लेआउटवर कोणती कळ? उत्तर मिळाले की ती कळ दाबल्याचा आभास करते. यादीबाहेरचे अक्षर आले तर? ती ते सोडून देते आणि पुढे जाते. त्रुटी दाखवत नाही, थांबत नाही. ‘रक्कम ₹ 500’ असे द्यावे तर खिडकीत सुरुवातीची मोकळी जागा आणि 500 एवढेच उमटते. हजार नोंदी भरून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात येते, की सगळे सभासद निनावी आहेत. या विषयातली सर्वांत महागडी चूक हीच, कारण ती होताना काहीही चुकल्यासारखे दिसत नाही.

दुसरे दार विंडोजमध्ये गेली दोन दशके उघडे आहे. ‘सेंडइनपुट’ हे फंक्शन कळेचे घटना-पाकीट पुढे पाठवते, आणि त्या पाकिटात ‘हे युनिकोड आहे’ अशी खूण करता येते. खुणेचा आकडा ४. ती केली की कळेचा क्रमांक शून्य ठेवायचा आणि जिथे एरवी स्कॅन कोड असतो तिथे अक्षराचा क्रमांक लिहायचा. मग विंडोज २३१ क्रमांकाची एक नाममात्र कळ दाबल्याचे समोरच्या प्रोग्रॅमला कळवते आणि तिच्या पोटातून ते अक्षर बाहेर येते. लेआउट कोणता चालू आहे याच्याशी काही देणेघेणे उरत नाही. अमेरिकी लेआउटवर ‘ळ’ उमटतो, मराठी लेआउटवर फ्रेंच अक्षरे उमटतात.

पायथॉनमधून हे करताना सीटाइप्स या मोड्यूलच्या मदतीने त्या पाकिटाचा साचा स्वतः आखावा लागतो, आणि इथे एक खड्डा हमखास लागतो. म्हणून तो जवळून पाहू. विंडोजच्या दृष्टीने या पाकिटात तीनपैकी कोणताही ऐवज असू शकतो: माउसची घटना, कळेची घटना किंवा इतर एखाद्या उपकरणाची. तिघांसाठी जागा एकच, आणि ती सर्वांत मोठ्या ऐवजाच्या मापाची. ६४ बिटच्या यंत्रावर माउसची घटना ३२ बाइटची, कळेची २४ बाइटची. सुरुवातीची ८ बाइट धरून पाकीट ४० बाइटचे. आपल्याला माउसशी कर्तव्य नाही म्हणून साच्यातून त्याची व्याख्या वगळली, की पाकीट होते ३२ बाइटचे. विंडोज माप तपासते, जुळले नाही की पाकीट घेतच नाही, आणि फंक्शन शून्य परत करते. तो शून्य कुणी पाहिला नाही तर प्रोग्रॅम खुशाल पुढे धावतो आणि खिडकी कोरी राहते. ज्या माउसचा आपल्या कामाशी संबंध नाही त्याच्यासाठी आठ बाइट राखून ठेवावे लागतात, हे पुस्तकी ज्ञान वाटते. पण तासन्‌तास डोके आपटून झाल्यावर ते चांगलेच लक्षात राहते.

दुसरा खड्डा इमोजीचा. विंडोज अक्षरे मोजते ती १६ बिटच्या तुकड्यांत, आणि एका तुकड्यात मावतात फक्त ६५,५३६ क्रमांक. देवनागरी, रुपयाचे चिन्ह, गणिताची बहुतेक चिन्हे यात आरामात बसतात. हसऱ्या चेहऱ्याचा क्रमांक मात्र १,२८,५१२. तो पाठवायचा तर त्याचे दोन तुकडे करावे लागतात, ५५,३५७ आणि ५६,८३२, आणि दोन्ही त्याच क्रमाने द्यावे लागतात. पायथॉन ३ मध्ये हा चेहरा म्हणजे एकच अक्षर. त्याची लांबी विचारली तर उत्तर १ येते. त्यामुळे अक्षरागणिक फेरी मारणारा सरळ कोड इथे ठेच खातो. मजकूर आधी यूटीएफ-१६ मध्ये बदलून दोन-दोन बाइटचे तुकडे पाडले, तर देवनागरी आणि इमोजी दोन्ही एकाच फेरीत निघतात. विंडोजवर ‘कीबोर्ड’ नावाची पायथॉन लायब्ररी याच वाटेने जाते.

एवढे सगळे नीट केले तरी समोरच्या प्रोग्रॅमची मर्जी सांभाळावी लागते. काही प्रोग्रॅम फक्त ‘कळ खाली गेली’ एवढाच निरोप ऐकतात आणि अक्षराच्या निरोपाकडे पाहत नाहीत. त्यांना २३१ क्रमांकाची कळ दिसते आणि ते तिचे काहीच करत नाहीत. बऱ्याच खेळांची हीच तऱ्हा. काही जुने प्रोग्रॅम युनिकोडपूर्व पद्धतीच्या खिडक्या वापरतात. अशा खिडकीकडे जाणारे अक्षर आधी जुन्या ‘कोड पेज’मध्ये बदलले जाते. विंडोजने युरोपीय भाषा, रशियन, अरबी यांना असे कोड पेज दिले. हिंदी, मराठी यांना दिलेच नाही, या भाषा पहिल्यापासून फक्त युनिकोडमधूनच आल्या. बदलायला जागाच नाही म्हटल्यावर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह पडते. अशा खिडकीपुढे पायथॉनचा इलाज नाही, आणि हाताने टाइप करणाऱ्याचाही नाही. इतकी वर्षे तिथे मराठी दिसत होती ती श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टच्या बळावर, ज्यांत आतमध्ये इंग्रजी चिन्हेच साठवलेली असतात आणि वरून देवनागरीचे रूप चढवलेले असते. फॉन्ट काढला की खालचे इंग्रजी उघडे पडते. अशा ठिकाणी काय पाठवायचे हे ठरवण्याआधी समोरच्याच्या पोटात नेमके काय साठते ते पाहावे लागते.

आणखी एक भिंत परवानगीची. विंडोज व्हिस्टापासून असा नियम आहे, की कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने जास्त अधिकाराच्या प्रोग्रॅमला कळा पाठवायच्या नाहीत. समोरची खिडकी ‘प्रशासक’ म्हणून उघडली असेल आणि आपला पायथॉन साध्या अधिकारात असेल, तर आपले पाकीट वाटेतच अडवले जाते. आणि ते अडवले गेले हे सेंडइनपुटच्या उत्तरावरून समजत नाही. पाकिटाचे माप चुकले तर निदान शून्य तरी मिळतो. इथे तेवढीही खूण नाही.

लिनक्सवर रचना निराळी, दुखणी निराळी. १९८७ मध्ये आलेल्या एक्स११ या जुन्या व्यवस्थेत कळांचे क्रमांक ८ ते २५५, म्हणजे जेमतेम २४८. अक्षरांसाठी तिच्याकडे ‘कीसिम’ नावाची दुसरी मोजणी आहे. बहुतेक कोणत्याही युनिकोड क्रमांकात १,६७,७७,२१६ मिळवले की त्याचा कीसिम तयार. ‘ळ’चा होतो १,६७,७९,५७१. पण कीसिम थेट पाठवता येत नाही, कळच दाबावी लागते. मग एक्सडूटूलसारखी साधने एक युक्ती करतात: रिकामी पडलेली एखादी कळ शोधायची, तिच्यावर तेवढ्यापुरता ‘ळ’ बसवायचा, ती दाबायची आणि नंतर तिला पूर्ववत करायचे. युक्ती झकास, पण घाईत उलटते. कळेचा अर्थ बदलला ही बातमी समोरच्या प्रोग्रॅमला पोचेपर्यंत कळ दाबून, सोडून, पुन्हा रिकामीही झालेली असते. मग भलतेच अक्षर उमटते किंवा काहीच उमटत नाही. दोन कळांमध्ये थोडी उसंत ठेवली की हे दुखणे बहुधा थांबते, म्हणून पुस्तकाच्या लिनक्सच्या भागात वेळेच्या अंतरावर वेगळे प्रकरण आहे.

नव्या वेलँड व्यवस्थेत तर एका प्रोग्रॅमने दुसऱ्याच्या खिडकीत परस्पर काही टाइप करायचे हेच मुळात मान्य नाही. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच. आपल्यासारख्यांची मात्र अडचण होते. उरतो तो मुख्यतः गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा मार्ग, ‘यूइनपुट’. तिथे पायथॉन एक खोटा कीबोर्ड तयार करतो आणि यंत्रणा त्याला खरा समजते. पण तो पडला कळेच्या टोकाचा. त्याला फक्त ३७ क्रमांकाची कळ सांगता येते. त्यातून ‘क’ निघेल की ‘के’ हे पुन्हा लेआउटच्या हाती. काही ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून पुढे षोडशमान क्रमांक टाइप करण्याची सोय असते. ‘कीबोर्ड’ लायब्ररी लिनक्सवर तीच वापरते. जीटीके किंवा आयबस यांपैकी एखादी यंत्रणा जिथे आहे तिथे ती चालते, इतरत्र खिडकीत नुसता आकडा उमटतो. मॅकवर गोष्ट त्या मानाने सरळ आहे. कळेच्या घटनेला युनिकोड मजकूर जोडून देण्याची अधिकृत सोय तिथे आहे. फक्त वापरकर्त्याला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी हाताने द्यावी लागते.

तिसरे दार क्लिपबोर्डचे. मजकूर क्लिपबोर्डवर ठेवा, कंट्रोल आणि व्ही दाबा, काम फत्ते. लांब मजकुरासाठी याहून सोपे काही नाही, आणि जोडाक्षरे, इमोजी सगळे एका दमात जाते. पण क्लिपबोर्ड हा वापरकर्त्याचा खिसा आहे. त्याने आधी काही ठेवले असेल तर ते जाते. आपण सज्जनपणे ते परत ठेवायला गेलो आणि समोरच्या प्रोग्रॅमने अजून चिकटवायचे उरकले नसेल, तर जुनाच मजकूर चिकटतो. क्लिपबोर्डचा इतिहास चालू असलेल्या यंत्रावर आपण चिकटवलेले सगळे त्यात साठत राहते, त्यामुळे खाते क्रमांक आणि पासवर्ड या वाटेने नेऊ नयेत. शिवाय खाते क्रमांक पुन्हा टाका म्हणणाऱ्या कित्येक चौकटी चिकटवू देतच नाहीत. चौकटीत परस्पर मजकूर भरण्याची पद्धत, जी पायविनऑटो ही लायब्ररी देते, याहून शिस्तीची. पण ‘इथे टाइपिंग झाले’ हे समोरच्या प्रोग्रॅमला तिच्यातून कळतेच असे नाही. मग एकूण रक्कम बदलत नाही, पुढचे बटण जागे होत नाही.

मराठी वाचकाला खरे काम लागते ते यानंतर. अक्षर पाठवता आले. पण पाठवायचे नेमके काय? ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना दिसतात चार अक्षरे: ज्ञा, ने, श्व, री. युनिकोडमध्ये ते ११ क्रमांक आहेत, कारण हलन्त आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. इन्स्क्रिप्टवर ‘ज्ञ’ला स्वतंत्र कळ असल्यामुळे, शिफ्ट सोडून, ९ कळा लागतात. चार, नऊ, अकरा. तिन्ही आकडे बरोबर आहेत. कळेच्या टोकाला शिरलात तर हिशेब ९ चा, अक्षराच्या टोकाला शिरलात तर ११ चा. एखाद्या चौकटीत वीसच अक्षरे मावतील असे लिहिले असेल, तर ती वीस यांपैकी कोणती, हे करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरे उदाहरण ‘ऱ्य’चे. लग्नाच्या हिशेबात ‘आचाऱ्यांना पैसे दिले’ आणि ‘आचार्यांना पैसे दिले’ यांत केवढा फरक आहे हे मराठी माणसाला सांगायला नको. युनिकोडमध्ये तो फरक एका अंकाचा आहे: ऱ २३५३, र २३५२. पण तोच ‘ऱ्य’ आणखी एका पद्धतीने लिहिता येतो. साधा र, मग हलन्त २३८१, मग ८२०५ क्रमांकाचा झिरो विड्थ जॉइनर आणि मग य. हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही, पडद्यावर दोन्ही ‘ऱ्य’ सारखेच दिसतात, पण शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. तिसरी शक्यता र आणि खालचा नुक्ता वेगवेगळे येण्याची. पायथॉनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमधले प्रमाणीकरण ही तिसरी रीत पहिल्या रीतीत आणून देते. जॉइनरच्या रीतीला मात्र ते हात लावत नाही. तिच्यासाठी नियम आपणच लिहावा लागतो. एक्सेलमधली नावे वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या कीबोर्डवरून आलेली असतात, म्हणून कळ दाबण्याआधी ही साफसफाई करावी असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

काही अक्षरांना वयही असते. युनिकोडमधील देवनागरीची मूळ मांडणी आयएससीआयआय या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेली आहे. ‘ॲ’ त्यात नव्हता. त्याला स्वतःची जागा मिळाली ती युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये. त्याआधीच्या मजकुरात ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवलेले आढळते. रुपयाचे चिन्ह त्याहून धाकटे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी ते स्वीकारले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, युनिकोड ६.० मध्ये, त्याला ८३७७ हा क्रमांक मिळाला. त्याहून जुन्या फॉन्टमध्ये ते नाही. अशा ठिकाणी आपला कोड अचूक असूनही पडद्यावर रिकामी चौकट दिसते. दोष पाठवण्याचा की दाखवण्याचा, हे ओळखायची सवय लावून घ्यावी लागते.

या कामाला दुसरी बाजूही आहे. दाबलेली कळ माणसाने दाबली की प्रोग्रॅमने, हे संगणक सहसा विचारत नाही. २०१४ च्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टेन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवले, त्यात साध्या पेन ड्राइव्हसारखे दिसणारे उपकरण स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेते आणि मालकाच्या नावावर हुकूम सोडते. वेलँडची बंदी, मॅकची परवानगी, विंडोजची अधिकारांची भिंत, या सगळ्यांचा आपल्याला जाच होतो, पण त्या अशाच कारणांसाठी बांधलेल्या आहेत. विंडोज तर प्रोग्रॅमने पाठवलेल्या कळेवर तशी खूणही करते, आणि पाहायची इच्छा असलेल्याला ती दिसते. या पुस्तकातली तंत्रे आपल्या स्वतःच्या किंवा ज्याची रीतसर परवानगी आहे अशा कामासाठी आहेत. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर रांग मोडून पुढे घुसायला किंवा परीक्षेत बसायला नव्हेत. आणि ज्या प्रोग्रॅमला माहिती देण्याचा सरळ मार्ग आहे, फाइल आयात करता येते किंवा एपीआय आहे, तिथे कळांचा आभास करत बसणे म्हणजे द्राविडी प्राणायाम.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिला भाग विंडोजचा आणि सर्वांत मोठा, कारण आपल्याकडची अशी बहुतेक कामे तिथेच निघतात. दुसऱ्यात लिनक्स आणि मॅक. तिसऱ्यात मराठी मजकुराची पाठवण्यापूर्वीची तयारी. चौथा भाग पडताळणीचा आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने निदान तो तरी वगळू नये. मध्येच कंट्रोल दाबलेली राहून गेली तर ती कशी सोडवायची, खिडकी बदलली तर थांबायचे कसे, प्रत्येक नोंदीची नोंद कुठे ठेवायची, हे सगळे त्यात आहे. पायथॉनची तोंडओळख मात्र इथे नाही. फंक्शन लिहिता येते आणि त्रुटीचा निरोप वाचता येतो, एवढे गृहीत धरले आहे.

पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक काम करून ठेवावे. ज्या खिडकीत अखेर माहिती भरायची आहे त्याच खिडकीत ‘ऱ्य’, ‘ॲ’, ‘ळ’, ‘ज्ञ’, ‘₹’ आणि एक हसरी इमोजी हाताने किंवा चिकटवून टाकावी. नोंद जतन करावी, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडावा, तो मजकूर तिथून उचलून पायथॉनमध्ये आणावा आणि एकेका अक्षराचा क्रमांक छापून पाहावा. पाठवलेले आणि परत आलेले आकडे जुळले, तर तिन्ही दारे आजमावून पाहायला हरकत नाही आणि पुढची सगळी प्रकरणे कामाची आहेत. जुळले नाहीत, तर कुठला आकडा कशात बदलला ते लिहून ठेवावे. नोंद जिथे मोडते ती जागा त्या यादीतच दिसेल, आणि कोणते प्रकरण आधी वाचायचे तेही तीच सांगेल.